पळपुट्या गाड्या

सावली गावावरून जाणारी प्रत्येक गाडी आपल्याला घाबरून पळते, याविषयी आमच्या वाघ्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. पुरावा म्हणाल तर सगळा त्याच्याच बाजूचा. मूलकडून धानाच्या पोत्यांचा ट्रक येतो, वाघ्या भुंकत चाकामागे झेपावतो, ट्रक व्याहाडच्या दिशेने नाहीसा होतो. गडचिरोलीकडून एसटी येते, वाघ्या झेपावतो, एसटी मूलच्या दिशेने नाहीशी होते. आजवर एकाही गाडीने मागे वळून त्याला जाब विचारलेला नाही. इतकी एकमुखी साक्ष कोर्टातही मिळत नाही. दुधाचे दात अजून पुरते पडलेले नाहीत, डावा कान उभा राहायचा की लोंबायचा याचा निर्णय व्हायचा आहे, आणि एवढ्या वयात नावावर विजयांची अशी रास, की एखाद्या राजाला शिलालेख कोरायला डोंगर पुरला नसता.

या दिग्विजयाला आमच्या गावाचा भूगोलही कारणीभूत आहे. सावली तालुक्याचं गाव असलं तरी रस्त्याच्या लेखी ते वाटेवरचं गाव. चंद्रपूर, मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, आणि तेव्हापासून दोन जिल्ह्यांच्या फायली, साहेब, वऱ्हाडं आणि आजारी माणसं आमच्या दारावरून ये-जा करतात. नदीच्या रेतीचे टिप्पर जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या पोत्यांनी फुगलेल्या गाड्या जातात, दारापर्यंत माणसं कोंबलेली काळी-पिवळी जाते. दिवाळी सरली की झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम लागतो आणि रात्रभर कुठल्याशा गावात प्रयोग करून वडशाकडच्या मंडळ्या पहाटे परतू लागतात. एकदा अशाच एका गाडीच्या खिडकीशी अर्धवट पुसलेल्या रंगाचा एक राजा काचेला डोकं टेकून झोपलेला मी पाहिला. मिशी एका बाजूने सुटली होती. रात्री तलवारीने मुलूख जिंकून आलेल्या त्या राजाला आमच्या वाघ्याने पहाटे वेशीबाहेर पिटाळलं, आणि राजाला त्याचा पत्ताही लागला नाही.

वाघ्या हे नाव घरातल्या पोरांनी ठेवलं. खंडोबाच्या वाघ्यावरून ठेवलं की नुसतंच तोंडी आलं म्हणून ठेवलं, ते त्यांनाच ठाऊक. पण हे नाव जंगलाच्या मुलखात मोकळ्या रस्त्यावर हाकारण्यासारखं नाही. सावलीचं वनपरिक्षेत्र ब्रह्मपुरी वनविभागात येतं, आणि ताडोब्याच्या हद्दीबाहेर वाघांनी आपला संसार कुठे थाटला म्हणाल तर याच वनविभागात. इथे वाघाची बातमी पेपराच्या आधी पानठेल्यावर येते. अशा गावात थंडीच्या पहाटे, धुकं पडलेलं असताना, एक म्हातारा मास्तर गळ्याला मफलर गुंडाळून ‘वाघ्या! अरे वाघ्या!’ असा ओरडत धावला, आणि शेवटचा ‘या’ वाऱ्याने गिळला, तर पुढे फिरायला निघालेल्या बायाबापड्यांनी काय करावं? एक बाई चपला हातात घेऊन पुलियाच्या कठड्यावर चढल्या. तिथून त्यांनी विचारलं, “कुठं हाये जी?” मी टिप्परच्या धुरळ्यातून परतणारा तो ओंजळभर जीव दाखवला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की खरा वाघ निघाला असता तर त्यांना एवढा राग आला नसता.

जाणकार या धावण्याला खोड म्हणत नाहीत. रेमंड कॉपिंजर या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या वागण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. शिकार ही त्यांच्या मते एक साखळी आहे: नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड आणि शेवट. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या या साखळीच्या कड्या आपल्या सोयीने कमी-जास्त केल्या. मेंढरं वळणाऱ्या कुत्र्यात नजर ठेवली, पाठलाग ठेवला, चावा तेवढा काढून घेतला. आमच्या वाघ्याच्या वाट्याला पाठलागाची कडी लखलखीत आली आहे आणि पुढच्या कड्या वाटेत कुठेतरी गळाल्या आहेत. म्हणून तर गाडी नजरेआड झाली की तो डांबराच्या कडेला थबकतो आणि इथे आपण कशाला आलो होतो, असा चेहरा करतो. हा चेहरा माझ्या ओळखीचा आहे. भर दुपारी फ्रिजचं दार उघडून उभ्या राहिलेल्या माणसाचा तो चेहरा.

त्याच्या रानातल्या भाऊबंदांनी मात्र सगळी साखळी सांभाळून ठेवली आहे. ताडोब्यातली रानकुत्री, म्हणजे कोळसून, कळपाने चितळ-सांबरांचा पाठलाग करतात आणि त्यावरच पोट भरतात. पण ती आमच्या कुत्र्यांसारखी भुंकत नाहीत. झाडोऱ्यात पांगली की एकमेकांना शीळ घालतात आणि पुन्हा गोळा होतात. ज्याचं पोट पाठलागावर अवलंबून आहे तो शिळेवर भागवतो, आणि ज्याच्या ताटलीत वरणभात आयता येऊन पडतो तो मात्र आभाळ डोक्यावर घेतो. ही गोष्ट फक्त कुत्र्यांना लागू असती तर मी ती इतक्या जपून लिहिली नसती.

गाडी थांबली की वैर संपलं, हा वाघ्याचा आणखी एक नियम. शेजाऱ्यांचा टेम्पो सकाळी निघाला की तो जिवाच्या आकांताने मागे लागतो, आणि तोच टेम्पो दुपारी घरासमोर उभा राहिला की त्याच्या सावलीत चाकाला पाठ टेकून खुशाल झोपतो. उठल्यावर ते चाक नाकाने सावकाश वाचतो. चामोर्शीच्या, मूलच्या, कुठकुठल्या कुत्र्यांनी त्यावर मजकूर सोडलेला असतो, त्याखाली आपली ओळ लिहितो आणि निघून येतो. शत्रूची व्याख्या त्याने फार स्वच्छ ठेवली आहे: जो जातो, तो.

जाणाऱ्यांतही त्याचा सगळ्यात जास्त जोर एसटीवर. आपण तिला कौतुकाने लालपरी म्हणतो, पण तिचं ते लालपण वाघ्याला दिसतच नाही. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातींच्या. निळा कळतो, पिवळा कळतो. लाल म्हणजे कसलीशी मळकट तपकिरी छटा. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला सुटली, ती निळ्या आणि चंदेरी रंगाची होती. त्या वाटेवरची कुत्री नशिबाची. एसटी तिच्या शृंगारासकट पाहिलेली ती पहिली आणि बहुधा शेवटची पिढी. वाघ्याच्या वाट्याला येते ती एक मातकट, खडखडणारी, धावती भिंत. पण रंगात उणी पडलेली त्याची नजर हालचाल टिपण्यात मात्र आपल्यापेक्षा तल्लख. मला रस्ता रिकामा दिसत असतो तेव्हा त्याच्या मानेवरचे केस उभे राहू लागलेले असतात.

कुत्र्याच्या पायांना यंत्राशी बरोबरी करता येत होती असाही एक काळ होऊन गेला. नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटेल. 2019 मध्ये रूळ रुंद करायचे म्हणून ती बंद झाली. चालत्या गाडीतून उतरून, शेतातला हरभरा उपटून पुन्हा त्याच डब्यात चढलेल्या माणसाची गोष्ट या गाडीत सगळे सांगत, आणि तो माणूस आपण पाहिला असं म्हणणारा कुणी भेटत नसे. लहानपणी त्या गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं एक पांढरं कुत्रं मला आठवतं. गाडी हलली की ते रुळाच्या कडेने धावू लागे. दमलं की चालू लागे. तरी गाडी त्याच्यापुढे फारशी जात नसे. भुंकत नव्हतं, चिडलेलं नव्हतं. ते आपल्याला पोचवायला येतं असंच आम्ही पोरं धरून चाललो होतो आणि डब्यातल्या आजीबाई त्याला भाकरीचा तुकडा टाकून निरोप देत. त्या कुत्र्याला कुणी शिकवणी लावली नाही, कारण त्याच्या धावण्यात जिवाला धोका नव्हता. खोड तीच, जगाने मधल्या मधे वेग बदलला आणि दोष कुत्र्याच्या माथी आला.

वाघ्याला सुधारण्याच्या कामी गल्ली एकदिलाने पुढे आली. “लोढना बांधा ना जी गुरुजी त्याच्या गऱ्यात,” समोरचे काकाजी म्हणाले. उनाड गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, धावायला गेलं की तो नडगीवर बसतो, आणि गुरू घरी राहतं. पण काकाजींनी काढून ठेवलेलं लोढणं वजनात वाघ्यापेक्षा सरस होतं. ते त्याला बांधण्यापेक्षा त्याला त्या लोढण्याला बांधणं सोपं होतं. दुसऱ्या एकाने ठाम शब्दांत सांगितलं, “एकडाव धक्का बसला का आपोआप समजते, बाप्पा.” या शाळेचा अनुभव गावाला आहे. तिथे पहिल्या धड्यालाच नाव पटावरून कमी होतं, आणि पुष्कळदा कुत्र्याला चुकवायला गेलेला फटफटीवाला हातपाय मोडून घेतो तो वेगळाच.

दोरी बांधायच्या बाजूने सावलीत एक वजनदार साक्ष काढता येते. 1936 च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चच्या सुरुवातीला गांधी सेवा संघाचं अधिवेशन आमच्या गावी भरलं होतं आणि त्यासाठी खुद्द गांधीजी इथे येऊन राहिले होते. त्या वेळी गावात आलेल्या मोटारींमागे सावलीची कुत्री धावली असतील का, हा प्रश्न इतिहासकारांना पडत नाही, मला पडतो. पण कुत्र्यांवर गांधीजींनी त्याआधी दहा वर्षं पुष्कळ लिहून ठेवलं होतं. 1926 मध्ये अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ मोकाट कुत्री मारवली, त्यावरून वादळ उठलं, आणि गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखांची मालिकाच चालवली. रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य मिळवू नका, पाळायचं तर जबाबदारीने पाळा, धनी नसलेलं कुत्रं ही समाजाला लाज आणणारी गोष्ट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दयेला त्यांनी दावं बांधलं, असं मी त्याचं सार काढलं आणि गुरुवारच्या बाजारातून वासराचं दावं घेऊन आलो.

दोरी हा उपाय नव्हे, उपाय सापडेपर्यंतचा जामीन. नुसतं ताणून धरलं तर पिल्लू आणखी चेकाळतं, आणि आपण वरून ओरडू लागलो तर त्याला वाटतं, धनीही भुंकू लागला, मोहीम आता रंगात आली. म्हणून पहिली गोष्ट, तोंड मिटून घ्यायचं. मास्तरकीत जन्म काढलेल्या माणसाला ही अट जड जाते. दुसरी गोष्ट, रस्त्यापासून लांब जायचं. आम्ही आसोलामेंढ्याच्या नहराकडून शेतात उतरतो. धान कापून, चुरणा आटोपून बांध्या मोकळ्या झालेल्या असतात. त्यांच्या धुऱ्यावर अशा ठिकाणी उभं राहायचं, की गाडी ऐकू यावी, दिसावी, पण दाव्याला ओढ बसू नये. आणि मग गाडीची वाट पाहायची. गाडी दिसली, वाघ्याने तिच्याकडे पाहिलं, की त्याच क्षणी उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा त्याच्या तोंडाशी धरायचा. गाडी गेली की कलेजी बंद. क्रम महत्त्वाचा: आधी गाडी, मग कलेजी. उलटं केलं तर ती नुसती लाच होते, आणि लाच खाऊन काम न करण्याची कला कुत्र्यांनाही येते. पावलोव्ह यांनी रशियात मेट्रोनोमच्या टिकटिकीवर कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणलं. मी ते रेतीच्या टिप्परच्या घरघरीवर आणतो आहे.

हे घडताना जवळून बघण्यासारखं असतं. लांबवर इंजिन गुरगुरलं की प्रथम वाघ्याचा उभा कान वळतो, मग लोंबता कान उठायचा प्रयत्न करतो. मानेवर एक काळसर रेघ उमटते. पुढचा उजवा पाय मातीवरून चार बोटं वर येतो आणि तिथेच राहतो. आतापर्यंत या पायानंतर झेप ठरलेली होती. पण आता नाकपुडी हलते, खिशाकडे. कान अजून ट्रककडे आहेत, नाक माझ्याकडे, आणि शेपटीला कुठल्या पक्षात जावं ते कळत नाही. ट्रक सावलीच्या वळणाला लागतो. उचललेला पाय सावकाश खाली येतो, मान वळते, आणि तपकिरी डोळे माझ्या डोळ्यांत येऊन बसतात. ट्रक निघून जातो, कुणीही न हाकलता.

असं करत आम्ही धुऱ्याधुऱ्याने रस्त्याकडे सरकत आलो, शेतातून नहरावर, नहरावरून पुलियापाशी. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेकडे गाड्यांची रीघ लागली तेव्हा मी कलेजीची डबी दोन वेळा भरून नेली. वाघ्याने निम्मी जत्रा आनंदाने गिळली आणि उरलेली जाईपर्यंत पुलियाशी आडवा पडून घोरला. माझ्या सदऱ्याचा खिसा आता घरात वेगळा धुतला जातो. गल्लीतली बाकीची कुत्री, ज्यांनी जन्मात कधी गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही, तीही शिकवणीला येऊन बसतात. ट्रक आला की सगळी वर्गशिस्तीने माझ्याकडे पाहतात. इतकं लक्ष मला वर्गात कधी मिळालं नव्हतं.

कधी संध्याकाळी मनाला रुखरुख लागते. गावकुत्र्याचं आयुष्य इथे दोन्हीकडून धारेवर: तोंडापुढे चाकं आणि पाठीमागे बिबट. रानालगतच्या वस्तीत सकाळी अंगणात रिकामी साखळी सापडणं नवलाचं राहिलेलं नाही. एवढ्याशा जिवाने, या सगळ्याच्या मधे, आपल्याला भिऊन ट्रक पळतात असं समजून सुखाने निजावं, तर ते हिसकावून घेणारा मी कोण? म्हणून मी त्याचं धावणं तोडलं नाही, त्याला दुसरीकडे वाट काढून दिली. काठीला दोरी, दोरीला जुन्या धोतराची चिंधी, आणि मोकळी बांधी. चिंधी पळते, वाघ्या पळतो, धानाच्या खुंटांवरून माती उडते, आणि पाठलागाला शेवट असतो हे त्याला पहिल्यांदाच कळतं. पहिल्या दिवशी चिंधी दातांत आली तेव्हा तो इतका भांबावला, की तिचं पुढे काय करतात ते विचारायला ती घेऊन थेट माझ्याकडे आला. मलाही नीटसं सांगता आलं नाही. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडला तेव्हापासून मीही तोच प्रश्न हाताळतो आहे.

आता त्याच्या डोक्यात नवा सिद्धांत आहे. गाड्या येतात त्या मास्तरांचा हात खिशात जावा म्हणून. रविवारी वर्दळ कमी असली की तो मूलच्या दिशेने चिंतेने बघत बसतो. ज्यांना पिटाळण्यात बालपण गेलं त्यांचीच वाट पाहतो. सिद्धांत पहिल्याइतकाच चुकीचा आहे, पण हा त्याला जिवंत ठेवेल. माझाही एक सिद्धांत आहे. गाडी आली की तो माझ्याकडे बघतो ते माझ्या ओढीने, डबी रिकामी असली तरी बघेल, असं मी समजतो. ते पडताळून पाहायचं म्हणजे एक दिवस डबी घरी ठेवून जायचं. मी ती ठेवत नाही. काही प्रयोग माणसाने मुद्दाम राहू द्यावेत.

तूर्त आमच्यातला वाद बंडीवरून चालू आहे. बैलबंडी ही गाडी धरायची की नाही? माझं म्हणणं, नाही. तिच्यामागे तो कधी धावलाच नव्हता, मग कलेजी कशाची? वाघ्याचं म्हणणं, चाकं आहेत, आवाज आहे, जाते आहे. शंकरपटात बैल सुटलेले पाहिले तर कुणीही त्याच्याच बाजूने बोलेल. 2014 ला या बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली, ती काही रमतगमत जाणाऱ्या बैलांसाठी नव्हे. पण आमच्या नहरावरून येते ती तणसाने लादलेली बंडी, आणि बंडीवाला वर बसून डुलक्या घेत असतो. ती दिसल्यापासून नाहीशी होईपर्यंत वाघ्याला तिच्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा असं पाहायला भरपूर सवड मिळते. दर वेळी तो नियम बिनचूक पाळतो, दर वेळी मला खिशात हात घालावा लागतो, आणि बंडी अजून आंब्याच्या झाडापाशीही पोचलेली नसते. ट्रकला एक तुकडा हा भाव दोघांना मान्य आहे. इतक्या सावकाश जाणाऱ्या वाहनाचा दर काय लावायचा, ते आमच्यात अजून ठरायचं आहे.